तीन वेळा पाटणा, एकदा पुणेरी

‘सार्वकालिक सर्वश्रेष्ठ’ हा विषय संपादकांनी दिला आणि खेळाची बाजू माझ्याकडे आली. नगर जिल्हा म्हटल्यावर क्रिकेट हाताशी होतंच. झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा. पण आजवरचा सगळ्यात भारी संघ कोणता, यावरून भिंगारमध्ये आवाज चढतात ते क्रिकेटवरून नाही. तिथला वाद प्रो कबड्डीचा आहे. ओळीने तीन विजेतेपदं घेणारे पाटणा पायरेट्स मोठे, की दहाव्या हंगामात २२ साखळी सामन्यांत फक्त दोन हरणारी पुणेरी पलटण? मधूनच कुणीतरी यू मुंबाचं नाव घेतं, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हा वाद ऐकायला मी गेले आणि माझंही एक मत घेऊन परतले. ते पुढे येईलच.

छावणीच्या कडेला

नगर शहर सोडून भुईकोट किल्ल्याच्या पलीकडे पूर्वेला गेलं की भिंगार लागतं. एका अंगाला छावणीचे सरळ, झाडांनी झाकलेले रस्ते. दुसऱ्या अंगाला गावाच्या अरुंद गल्ल्या, दुकानं, शुक्लेश्वराचं देऊळ. औरंगजेबाचा शेवट १७०७ साली इथेच झाला, म्हणजे फौजेचा तळ या गावाला इंग्रजांच्याही आधीपासून ठाऊक. आज मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आणि रणगाडा दलाची प्रशिक्षण शाळा याच परिसरात आहे. देशभरातून भरती झालेली पोरं इथे घडतात. त्यातली हरियाणाची आणि पश्चिम उत्तर प्रदेशची पोरं येताना कबड्डी बरोबर घेऊन येतात.

याचा वादाशी थेट संबंध आहे. कबड्डी ही आपलीच, अशी मराठी माणसाची समजूत आहे आणि तिला आधारही आहे. नियम बांधण्याचं काम मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रात झालं. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला. शंकरराव तथा बुवा साळवींनी आयुष्य या खेळाला दिलं आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. पण गेल्या काही दशकांत खेळाचा काटा उत्तरेकडे झुकला. हरियाणाच्या एकेका गावातून चढाईपटूंची रांग निघू लागली. इतर गावांतल्या मराठी प्रेक्षकाला हे टीव्हीवर कळलं. भिंगारकरांनी ते छावणीच्या मैदानावर, कुंपणाच्या अलीकडे उभं राहून पाहिलेलं आहे. त्यामुळे इथला वाद ‘आपला संघ, त्यांचा संघ’ एवढ्यावर थांबत नाही. उत्तरेकडच्या गड्यांच्या मांडीची ताकद काय असते हे इथल्या लोकांना माहीत आहे आणि त्यांचं कौतुक करताना त्यांना कमीपणा वाटत नाही.

सदर बाजाराच्या बाजूला एक चहाची टपरी आहे. मालक यू मुंबाचे अस्सल समर्थक. पाटण्याच्या बाजूने बोलणारे एक निवृत्त सुभेदार, वय सत्तरीच्या पुढे, बाकावर ताठ बसलेले. पुणेरीची बाजू मांडणारे एका शाळेचे क्रीडाशिक्षक. त्यांना सगळे ‘सर’च म्हणतात, सुभेदारही म्हणतात, वयाने वीस-पंचवीस वर्षांनी मोठे असून.

“ताई, लिहून घ्या,” सुभेदारांनी पहिल्याच दिवशी बजावलं. “तीन म्हणजे तीन. एक म्हणजे एक. याच्यात वाद कसला?”

सर हसले. “सुभेदारसाहेब, तीन खरे. पण तीन वेळा तोच संघ होता का?”

सगळा वाद या दोन वाक्यांत आहे. बाकीचा वेळ तपशिलात जातो, आणि मला ओढ लागली ती त्या तपशिलाची.

बाहेर बसलेला गडी

सरांनी मला संध्याकाळी मैदानावर बोलावलं. तांबड्या मातीचं मैदान, चुन्याच्या रेषा, खांबाला लावलेले दोन दिवे. मॅट आहे, पण ती स्पर्धा जवळ आली की अंथरतात. पोरं मातीत खेळतात तेव्हा गुडघे सोलतात, मॅटवर खेळतात तेव्हा बूट नसला तर तळवे भाजतात. दोन्हीची सवय लागते.

पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा. प्रत्येक बाजूला सात गडी. चढाईला ३० सेकंद. एवढं कुणालाही ठाऊक असतं. सरांनी मला दाखवली ती गोष्ट रेषांच्या बाहेरची होती. त्यांनी संघातल्या सगळ्यात चपळ पोराला, ज्याच्या जोरावर हा संघ तालुक्यात जिंकतो त्याला, उठवलं आणि बाहेर बसवलं.

“आता खेळा.”

कबड्डीत बाद झालेला गडी कायमचा जात नाही. आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की बाहेर बसलेल्यांपैकी आधी गेलेला आधी परत येतो. बोनसचा गुण मिळाला तर मात्र कुणी परत येत नाही. म्हणजे मुख्य चढाईपटू पकडला गेला की त्याचं परत येणं उरलेल्या सहांच्या हाती. आणि समोरचा संघ शहाणा असेल तर त्या सहांना काही मिळूच देत नाही. तो घाईने चढाई करत नाही, हात लावायचा प्रयत्नही करत नाही. निदान रेषा ओलांडून, दम राखून, सेकंद खाऊन परत येतो. अशा दोन रिकाम्या चढाया त्याला परवडतात. तिसरी चढाई ‘करो या मरो’ची, तिच्यात गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटूच बाद. हे चक्र नीट फिरवलं तर मोठ्यात मोठा चढाईपटू पाच-पाच मिनिटं खुर्चीवर टॉवेल घेऊन बसतो. चाळीस मिनिटांच्या सामन्यात पाच मिनिटं म्हणजे फार झाली.

मैदानावर तेच घडलं. मोठा पोरगा बाहेर, आणि आत सहा जण एकमेकांकडे बघतात. पहिल्या दोन चढाया रिकाम्या. तिसरीत एक जण घुसला आणि कोपऱ्याच्या पोराने त्याचा घोटा धरला, मध्यरक्षक अंगावर आला, धूळ उडाली. पाच राहिले. मग चार. सर काही बोलत नव्हते. तीन गडी राहिले तेव्हा ते पुढे सरकले.

“आता तुमच्याकडे जास्तीचा गुण आहे. वापरा.”

तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, तिला एक गुण अधिक. म्हणून हरत चाललेला संघ या क्षणी धोकादायक होतो. डाव्या कोपऱ्यातला बारका पोरगा चढाईपटूच्या मागून सरकत गेला, त्याने मांडी पकडली आणि सोडली नाही. बाहेर बसलेला मोठा पोरगा टाळी वाजवत आत आला.

सर हे रोज करतात. मी त्यांना विचारलं, हे ते कुठे शिकले. ते म्हणाले, सामने बघताना वहीत लिहून ठेवायची सवय आहे: मुख्य गडी बाहेर असताना संघाने किती गुण घेतले आणि किती दिले. सर्वश्रेष्ठ संघ ठरवायची त्यांची कसोटी हीच. मला ती पटली, कारण ती या खेळाच्या पोटातून आलेली आहे. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज त्या डावापुरता संपतो. फुटबॉलमध्ये मेस्सी नव्वद मिनिटं मैदानावर असतो. कबड्डीत मोठा खेळाडू सामन्यातला बराच काळ बाकावर काढतो आणि तेव्हा जो उरतो तो संघ.

पाटण्याची तीन वर्षं

ही कसोटी घेऊन पाटण्याकडे बघू, आणि आधी सुभेदारांना न्याय देऊ.

प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झाली. पहिला हंगाम जयपूर पिंक पँथर्सचा, दुसरा यू मुंबाचा. त्यानंतर पाटण्याची सलग तीन विजेतेपदं: मार्च २०१६ मध्ये यू मुंबाला ३१-२८, त्याच वर्षी जुलैत जयपूरला ३७-२९ आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये चेन्नईत गुजरातला ५५-३८. त्याआधी आणि नंतर कुणालाही हे जमलेलं नाही. विजेतेपद राखणंसुद्धा दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

या तिन्हींमधून जाणारा धागा म्हणजे प्रदीप नरवाल. हरियाणाचा हा पोरगा आला तेव्हा विशीतही नव्हता. त्याची डुबकी म्हणजे साखळी धरून उभ्या असलेल्या बचावपटूंच्या हाताखालून गुडघे जमिनीला टेकवत सरकणं आणि मध्यरेषेवर हात टाकणं. ती दिसायला सोपी, करायला कठीण. बचावपटूने वर झडप घातली तर तो खाली गेलेला असतो आणि खाली वाकला तर हनुमान उडी. पाचव्या हंगामात त्याने चढाईत ३६९ गुण घेतले. त्याच हंगामात हरियाणा स्टीलर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात एकट्याने ३४ गुण आणि एका चढाईत, सगळा संघ बाद केल्याचं लोण धरून, आठ गुण. सुभेदार तो क्षण सांगताना बाकावरून उठतात. समोरचं अख्खं मैदान एका माणसाने रिकामं केलं, ते त्यांनी याच टपरीवरच्या टीव्हीवर पाहिलं.

आता सरांचा मुद्दा. तीन विजेतेपदांना कर्णधार तीन वेगळे होते: मनप्रीत सिंग, धर्मराज चेरलाथन, प्रदीप नरवाल. बचाव तर जवळजवळ दर वेळी नवा. तिसऱ्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला रोहित कुमार चौथ्यात पाटण्याबरोबर नव्हता. चौथ्यात डाव्या कोपऱ्यात इराणचा फझल अत्राचली होता, पाचव्यात तोही गेलेला. मग ‘तीन वेळा पाटणा’ म्हणताना आपण नेमका कोणता संघ मोजतो? संघाचा सदरा, की त्याच्या आतली माणसं?

सुभेदारांकडे उत्तर होतं आणि ते कच्चं नव्हतं. पाचव्या हंगामातला पाटणा म्हणजे एकटा प्रदीप, हे त्यांना मान्य नाही. दुसऱ्या बाजूने मोनू गोयत होता, सेनादलातून आलेला गडी. प्रदीप बाहेर बसला की मोनू चढायचा आणि प्रदीपला आत आणायचा. “तुमच्या वहीत मोनूचं पान काढा, सर.” सरांनी मान्य केलं की ते पान जाड आहे. पुढच्याच हंगामाच्या लिलावात मोनूला हरियाणा स्टीलर्सने एक कोटी ५१ लाखांना घेतलं, त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. फौजी पोराची किंमत बाजाराला कळली, याचं सुभेदारांना आजही समाधान आहे.

पण त्या पाटण्याचा बचाव कमकुवत होता, हे सुभेदारांनाही नाकारता आलं नाही. अंतिम सामन्यात जिंकूनही ३८ गुण दिले. भरपूर घ्यायचे आणि भरपूर द्यायचे, हा त्या संघाचा हिशेब. प्रेक्षकाला याहून गोड काही नाही. संघ म्हणून मला मात्र तो एका अंगाने उघडा वाटतो.

टपरीवाल्याचं मुंबा

यू मुंबाबद्दल थोडक्यात सांगते, कारण टपरीचे मालक माझ्याकडून चहाचे पैसे घेत नसत आणि त्या बदल्यात त्यांची बाजू लिहिणं त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठणारा हा एकमेव संघ. अनुप कुमारचं नेतृत्व म्हणजे घाई नावाला नाही; बोनस रेषेवर पाय टाकून एकेक गुण वेचायचा, आवाज न चढवता बचाव हलवायचा. मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा हे दोन कोपरे एकमेकांकडे न बघता एकाच क्षणी हलायचे. रिशांक देवाडिगा, विशाल माने ही आपल्या मातीतली पोरं. तीन अंतिम सामन्यांत एकच विजय, २०१५ मध्ये बंगळूर बुल्सवर ३६-३०. टपरीवाल्यांच्या मते अंतिम सामना हरणं हा अपघात असतो, अंतिम फेरीत पोचणं हा स्वभाव असतो. मला हे म्हणणं निम्मं पटतं. निम्मं का पटत नाही, त्याचं कारण अमेरिकेतून आलं.

शिकागोहून फोन

टपरीवरच्या मंडळींपैकी एका काकांची मुलगी शिकागोला असते. व्हिडिओ कॉल आला की काका फोन बाकावर उभा करतात आणि जावईबापू सगळ्यांशी बोलतात. वाद काय चाललाय हे कळल्यावर त्यांना राहवलं नाही. हाच वाद तिकडे अमेरिकी फुटबॉलवरून पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

लांबट चेंडू हातात घेऊन, हेल्मेट घालून, एकमेकांवर आदळत खेळतात तो हा फुटबॉल. आपल्याकडे तो रुजवायचा प्रयत्न झाला होता: २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची स्पर्धा कोलंबोत खेळली गेली आणि तिचं पहिलं विजेतेपद पुणे मराठाजने घेतलं. भिंगारमध्ये हे कुणालाच आठवत नव्हतं. पण पकड, साखळी, अंगावर येणारा गडी चुकवून पुढे जाणं हे ज्याला कळतं त्याला तो खेळ परका वाटायचं कारण नाही. फरक मोठा एकच. तिकडे चढणारे अकरा वेगळे आणि अडवणारे अकरा वेगळे. कबड्डीत तेच सात जण दोन्ही करतात, तेही ८५ किलोच्या वजनमर्यादेत.

तिकडच्या वादात १९७२ चे मायामी डॉल्फिन्स येतात: १७ सामने, १७ विजय, अंतिम सामन्यासकट. पूर्ण हंगाम एकही न हरता विजेता झालेला, सुपर बोलच्या, म्हणजे तिकडच्या अंतिम सामन्याच्या, काळातला तो एकटाच संघ. मग १९८५ चे शिकागो बेअर्स. ते साखळीत एकदाच हरले, तेही मायामीकडूनच, आणि अंतिम सामन्यात त्यांनी न्यू इंग्लंड पॅट्रियट्सना ४६-१० असं चिरडलं. जावईबापू शिकागोचे, त्यामुळे त्यांचं मत सांगायला नको. तिसरं नाव २००७ च्या पॅट्रियट्सचं. साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकले, बाद फेरीचे दोन जिंकले आणि शेवटचा न्यू यॉर्क जायंट्सकडून १४-१७ हरले. अठरा विजय आणि एक पराभव. तरी विजेत्यांच्या यादीत त्यांचं नाव नाही.

हे ऐकताना सरांनी माझ्याकडे बघितलं. आठव्या हंगामातला पाटणा आम्हा दोघांनाही एकदमच आठवला होता. करोनाच्या काळात बंगळूरला एकाच ठिकाणी, प्रेक्षकांशिवाय खेळवलेला तो हंगाम. त्या वर्षीच्या पाटण्याकडे प्रदीप नव्हता, त्याच्या तोडीचा कुणी चढाईपटू नव्हता. होता तो मोहम्मदरझा शादलूई नावाच्या इराणी पोराभोवती उभा केलेला बचाव. गुणतक्त्यात ते पहिले आले आणि अंतिम सामना दबंग दिल्लीकडून ३६-३७ हरले. एका गुणाने. तो पाटणा तीन विजेतेपदांच्या पाटण्यापेक्षा सरस संघ होता, असं मला वाटतं. पण त्याला सर्वश्रेष्ठ म्हणायला जीभ रेटत नाही. शेवटच्या चाळीस मिनिटांत जिंकणं हाही खेळाचाच भाग आहे, त्याला अपघात म्हणून बाजूला ठेवता येत नाही. टपरीवाल्यांशी माझं निम्मं पटलं नाही ते इथे.

अस्लमचा संघ

पुणेरी पलटण ही सुरुवातीपासून स्पर्धेत असलेली आणि बराच काळ हातात काही न लागलेली फळी. बदल झाला तो तरुण पोरं हेरून, ती आपल्याकडे वाढवून, लिलावात शक्यतो न सोडण्याच्या धोरणाने. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत ही नावं मोठी बोली लावून आणलेली नव्हती. अस्लम आपल्या नगर जिल्ह्याचा. भिंगारमध्ये त्याचं नाव निघालं की वाद क्षणभर थांबतो, सुभेदारही मान डोलवतात.

नवव्या हंगामात हा संघ मुंबईत अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ हरला. दहाव्याच्या लिलावात त्यांनी एकच मोठी खरेदी केली, शादलूई, दोन कोटी ३५ लाखांना. प्रशिक्षक बी. सी. रमेश, ज्यांच्या हाताखाली बंगाल वॉरियर्सने सातवा हंगाम जिंकला होता. मग २२ साखळी सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी, २ पराभव आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय. कर्णधार अस्लम हंगामाचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला.

सरांच्या वहीची कसोटी इथे लागू होते. त्या हंगामात चढाईच्या गुणांत पहिल्या पाचांत पुणेरीचा एकही गडी नाही. आशू मलिक, अर्जुन देशवाल यांनी ढीगभर गुण घेतले आणि त्यांचे संघ विजेतेपदापर्यंत पोचले नाहीत. पुणेरीचे गुण तीन-चार चढाईपटूंत वाटलेले. अस्लम पकडला गेला तर मोहित. मोहित बाहेर तर पंकज. अंतिम सामन्यात त्यांचे सर्वाधिक गुण पंकज मोहितेचे होते. शिवाय अस्लम आणि मोहित बचावातही उभे राहतात, धावून पकड करतात. शादलूई डाव्या कोपऱ्यात, गौरव खत्री उजव्या, मध्ये संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन. पकडींच्या गुणांत शादलूई ९९ घेऊन सगळ्यांच्या पुढे. या संघातला कुठलाही एक माणूस बाहेर बसवा, सहा जण एकमेकांकडे बघत राहिले असं होत नव्हतं.

विजेतेपदानंतर काही आठवड्यांतच, मार्च २०२४ मध्ये, नगरच्या वाडिया पार्कवर ७० वी वरिष्ठ राष्ट्रीय पुरुष कबड्डी स्पर्धा झाली. भिंगारची पोरं त्या दिवसांत संध्याकाळचा सराव सोडून तिकडे असायची. टीव्हीवर दिसणारे गडी हाताच्या अंतरावर अंग सैल करताना बघणं ही साधी गोष्ट नाही. सरांच्या संघातला एक पोरगा मला सांगत होता की चढाईपटूचा चेहरा टीव्हीवर दिसतो, पाऊल दिसत नाही. वाडिया पार्कवर त्याने नुसती पावलं बघितली: निदान रेषा ओलांडताना मागचा पाय केव्हा उचलतात, कोपऱ्याकडे झुकताना वजन कुठे असतं. आता तो स्वतः तसं करून बघतो आणि दहातल्या नऊ वेळा पकडला जातो. सर त्याला तसं करू देतात.

लिलावानंतर

सुभेदारांचा शेवटचा मारा अर्थातच शादलूईवरून होता. दहाव्या हंगामानंतर तो पुन्हा लिलावात गेला, हरियाणा स्टीलर्सने त्याला दोन कोटी सात लाखांना घेतलं, आणि अकरावा हंगाम कुणी जिंकला? हरियाणाने, पाटण्याला ३२-२३ हरवून, तेही पुण्यात बालेवाडीला. विजेतेपद इराण्याच्या पाठोपाठ गेलं. पुणेरी त्या वर्षी बाद फेरीतही नव्हती. “मग तो संघ अस्लमचा होता का शादलूईचा?”

प्रश्न टोकदार आहे आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. अकराव्या हंगामात अस्लम दुखापतीने मधेच बाहेर गेला होता, ही एक बाजू. दुसरी बाजू बाराव्या हंगामात दिसली. शादलूई तेव्हा गुजरातकडे होता, दोन कोटी २३ लाखांना. पुणेरीकडे अस्लम परतलेला, बाजूला आणखी तरुण पोरं, प्रशिक्षक अजय ठाकूर. साखळीत हा संघ पुन्हा वर आला, अंतिम फेरी गाठली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीकडून २८-३१ हरला. म्हणजे सर्वांत महागडा माणूस गेल्यावरही संघ उभा राहिला. सगळ्यात मोठा गडी बाहेर बसवून उरलेल्यांना खेळवायची सरांची ती कवायत पुणेरीने दोन हंगाम केली, आणि पहिल्या वर्षी पडून दुसऱ्या वर्षी जमवून दाखवली.

पाटण्याच्या प्रदीपची गोष्ट वेगळी. प्रदीप २०२१ च्या लिलावात यूपी योद्धाकडे गेला, एक कोटी ६५ लाखांना, पुढे बंगळूरकडे. चढाईचे १८०० हून अधिक गुण घेणाऱ्या या खेळाडूला २०२५ च्या लिलावात कुणीच घेतलं नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. ही बातमी आली त्या दिवशी टपरीवर पुणेरीवाले आणि मुंबावालेही गप्प होते, असं काकांनी मला सांगितलं. प्रदीपबद्दल भिंगारमध्ये वाद नाहीच. तो सर्वश्रेष्ठ चढाईपटू, हे तिथे सगळ्यांना मान्य आहे. वाद आहे तो त्याच्याभोवतीच्या सहांचा.

शिकागोच्या जावयांनी सांगितलेली एक गोष्ट इथे जोडते. अमेरिकी फुटबॉलमध्ये १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा आहे. चांगले खेळाडू घडवले की त्यांचे पगार वाढतात आणि ते सगळे एकत्र ठेवता येत नाहीत. आपल्याकडेही संघमालकाच्या थैलीला मर्यादा आहे, काही गडी राखता येतात, बाकीचे लिलावात जातात. नियम चांगला आहे, त्याने स्पर्धा जिवंत राहते. बारा हंगामांत आठ वेगवेगळे विजेते झाले ते त्यामुळेच. पण त्यामुळे ‘सर्वश्रेष्ठ संघ’ ही गोष्ट फार थोडा काळ अस्तित्वात असते. म्हणूनच ती असते तेव्हा नीट पाहून ठेवावी असं मला वाटतं. १९७२ च्या मायामीसारखं दर वर्षी कुणी घडवू शकत नाही, आणि २०२४ च्या मार्चमधली पुणेरीही आता त्याच रूपात पुन्हा दिसणार नाही.

माझं मत पुणेरीच्या दहाव्या हंगामाला. अस्लम जिल्ह्याचा आहे म्हणून नाही, हे सुभेदारांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांच्याकडे एक आक्षेप उरलाच होता आणि तो मी इथे नोंदवते, कारण त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सर्वश्रेष्ठ संघाने समोरच्याला अंतिम सामन्यात दाबून टाकायला हवं, जसं पाटण्याने गुजरातला १७ गुणांनी दाबलं. पुणेरी तीन गुणांनी जिंकली आणि शेवटच्या मिनिटांत हरियाणा जवळ येत होतं. ज्या संघाला शेवटपर्यंत धाकधूक असते तो सर्वश्रेष्ठ कसा?

सरांनी वही उघडली, तो सामना काढला आणि शेवटच्या पाच मिनिटांतल्या चढाया एकेक करून वाचायला सुरुवात केली: कोण चढलं, किती सेकंद खाल्ले, कुणी निदान रेषेवरूनच परत फिरून पुढचा डाव मोडला. सुभेदार मधेमधे हरकत घेत होते. चौथ्या चढाईवर दोघांचं जमेना, तेव्हा काकांनी फोनवर सामन्याची चित्रफीत लावली आणि सगळे त्या छोट्या पडद्याभोवती वाकले.